अपिलातली देवी

दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आईला माझी ही खोड कधीच आवडली नाही, पण पुढे त्याच खोडीवर मी बरीच वर्षं पोट भरलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वागळे इस्टेटमधली आमची कंपनी बंद पडली आणि मी अठ्ठाविसाव्या वर्षी डोंबिवलीला घरी बसले. टायपिंग सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोसमोर, जिन्याखालच्या एका खोलीत एक निवृत्त सुभेदार माजी सैनिकांचे अर्ज लिहून देत. फौजेत ते क्लार्क होते. त्यांना टायपिस्ट हवी होती.

"इथं रडणारी माणसं येतात," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "तुम्ही पण रडणार काय?"

"नाही," मी म्हटलं. "मी प्रश्न विचारते."

"मग या उद्यापासून."

सुभेदार साताऱ्याकडचे. आवाज असा की डेपोतली लाऊडस्पीकरवाली बाई गप्प बसावी. खुशीत असले की मला 'ताई' म्हणत, चिडले की 'बाईसाहेब'. दिवसातून बहुतेक वेळ मी बाईसाहेबच असायची.

काम समजायला मला थोडे दिवस लागले. सैनिक जखमेमुळे किंवा आजारामुळे फौजेतून घरी आला, तर त्याला अपंगत्वाची पेन्शन मिळू शकते. पण नुसतं आजारी असून भागत नाही. तो आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीत वाढला, हे फौजेच्या डॉक्टरांच्या बोर्डाने मान्य करावं लागतं. बोर्डाने मान्य केलं नाही की घरी पत्र येतं. पत्रात एवढंच असतं, की तुमच्या आजाराचा नोकरीशी संबंध नाही. मग अपील. आमच्या खोलीत येणारी सगळी माणसं असली पत्रं घेऊन यायची, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून.

हवालदार आले ते असंच पत्र घेऊन. कोपरच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं कोळीवाड्यातलं घर. खाडीतला मुलगा म्हणून फौजेने त्यांना पूल बांधायच्या तुकडीत घेतलं होतं. नदीवर तराफे सोडायचे, त्यावर लोखंडी फळ्या टाकायच्या, ट्रक पलीकडे न्यायचे. अशाच एका सरावात वरून सुटलेली फळी त्यांच्या डोक्याला लागली. काही दिवस ते इस्पितळात होते, मग परत कामावर. पुढच्या वर्षी त्यांना फिट आली. नंतर परत आली. मग फौजेने त्यांना घरी पाठवलं.

पत्र वाचून सुभेदार म्हणाले, "ह्यात लिहिलंय, फिट्सचा आजार उपजत आहे. शरीरातच असलेला. घराण्यातून आलेला."

हवालदार खुर्चीवर बसले नव्हते. ते सुभेदारांसमोर कधीच बसत नसत. उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, पेन्शनचा मंगशी बघू. त्ये रगतातला हाय बोलतात, त्ये पयला काढा."

"म्हणजे?"

"पोरीला सातवा म्हैना हाय, सर."

मला लगेच समजलं नाही. मग समजलं आणि माझी बोटं टाइपरायटरवरच थांबली. आजार बापाच्या रक्तात असेल तर तो मुलीत उतरेल, मुलीतून बाळात उतरेल. ही भीती हवालदारांना कोणा शेजाऱ्याने घातली नव्हती. सरकारने घातली होती, सहीशिक्क्यासकट. फौजेत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला सरकारच्या सहीवर अविश्वास दाखवायची सवयच नव्हती.

"पण डोक्याला मार लागल्याची नोंद आहे ना?" मी विचारलं. "मग बोर्डाने घराणं कुठून काढलं? तुम्हाला काय काय विचारलं त्यांनी?"

सुभेदारांनी माझ्याकडे 'बाईसाहेब' म्हणायच्या नजरेने पाहिलं. हवालदारांनी मात्र टाचा जुळवून उत्तर दिलं.

"साहेबांनी इचारला, घरात कुनाला असा होतो का? मी बोललो, हां साब, चाचा को होता है. पूरा बदन हिलता है. आँख ऊपर जाती है."

सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या काकांना फिट येते?"

"फिट नाय, सर," हवालदार म्हणाले. "देवी येते."

पुढची पाच मिनिटं सुभेदार जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मथितार्थ असा, की दुश्मनाला छावणीचा नकाशा काढून दिला असता तरी एवढं नुकसान झालं नसतं. हवालदार शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साहेबांनी इचारला आंग हालतो का. काकाचा हालतो. खोटा कनाला बोलू?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. बोर्डावरचा डॉक्टर कुठल्या प्रांतातला असेल देव जाणे. काका, हलणारं अंग, फिरलेले डोळे एवढं ऐकून त्याने लिहून टाकलं असणार, घराण्यात फिट्स. त्याची तरी काय चूक? पण मला एक प्रश्न पडला आणि तो काही केल्या जाईना. अंगात येणं आणि फिट येणं ह्यांत बघणाऱ्याला नेमका फरक दिसतो का? आमच्या घरी देव देव्हाऱ्यात बसतो, कोणाच्या अंगात येत नाही. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"चैतात आमच्या देवीचा उत्सव हाय," हवालदारांची बायको एकदा मला बाजारात म्हणाली. "ये ना, बाय. सोताच्या डोल्यांनी बघ." त्या डोंबिवलीच्या बाजारात मासे विकत. मी शाकाहारी, तरी त्यांच्या पाटीपाशी उभी राहून गप्पा मारायला लागले होते. त्यांना मी मावशी म्हणायची.

चैत्रात मी गेले. सुभेदारांना सांगितलं, पुरावा गोळा करायला चाललेय. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

काका म्हणजे पासष्टीचे, रुंद खांद्यांचे, अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ. स्वतःच्या होडीचे मालक. देवळापुढे पाटावर बसले होते, अगदी बँकेत नंबर लागायची वाट बघणाऱ्यासारखे. ढोल सुरू झाला. थोड्या वेळाने त्यांचा एक गुडघा हलायला लागला, मग दुसरा, मग सगळं अंग. ते उठले, डोळे फिरले, तोंडातून हुंकार निघायला लागले. बायका पुढे झाल्या. एकीने विचारलं, मुलाची नोकरी टिकेल का? देवी म्हणाली, "त्याला सकालचा उठव आदी!" सगळे हसले, विचारणारीसुद्धा. देवीच्या जिभेला चांगली धार होती. काका शुद्धीत असताना एवढं कधी बोलत नसत.

मी मात्र त्यांच्या पायांकडे बघत होते. घुमता घुमता ते मागे सरकले, तिथे एक रांगतं पोर आलं होतं. काकांचे डोळे वर होते, अंग थरथरत होतं, तरी पाय उचलून त्यांनी ते पोर अलगद ओलांडलं. पुढे ओटी भरली, नारळ फुटला, ढोल थांबला. काका पाटावर बसले आणि म्हणाले, "चाय आना."

परत येताना मी मावशींना विचारलं, "हवालदारांना येतं तेव्हा कसं असतं?"

त्या चालता चालता थांबल्या. "त्याला येतो तवा ढोल नाय, वेल नाय, काय नाय. चुलीवर पन परतो." त्यांनी स्वतःच्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवलं. हवालदारांच्या हातावरचा तो भाजल्याचा डाग मी पाहिला होता, पण विचारलं नव्हतं. "देवी आली की मानूस बोलतो, बाय. ह्यो बोलत नाय. जीब चावतो. उठला की मना इचारतो, मी कुठं हाय? देवी कुनाची जीब चावत नाय."

एवढं सोपं होतं. आणि हे कोणी विचारलंच नव्हतं, कारण बोर्डासमोर मावशींना उभं केलं नव्हतं. फिट आलेल्या माणसालाच विचारलं होतं, तुला काय होतं? त्याला काय माहीत, तो तर तेव्हा तिथे नसतोच. शिवाय फौजेची सवय. साहेबाने 'काही तकलीफ?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'नहीं साब.'

खोलीवर आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, काकांचं सगळं जसंच्या तसं लिहायचं. सुभेदार टेबलावर हात आपटून म्हणाले, "सरकारी अपिलात देवी? बाईसाहेब, माझी अब्रू आहे. दिल्लीत हसतील."

"हसू देत की. न लिहिता काय करणार? बोर्डाने काका लिहून ठेवलाय. तो खोडायचा तर तो का हलतो ते सांगायला नको?"

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आधी काकाला डॉक्टरकडे न्या. डॉक्टर धडधाकट म्हणाला तर बघू."

आता हे काकांना कोण सांगणार? देवी अंगात येणाऱ्या माणसाला, तुमचं डोकं तपासून घ्या, असं म्हणायचं! मावशी म्हणाल्या, मी नाय. हवालदार म्हणाले, मी तर नाहीच. शेवटी मीच गेले. काका जाळं शिवत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते जाळ्याच्या गाठी मारत राहिले. मला वाटलं, आता हाकलणार.

"देवीला कौल लावून इचारतो," ते म्हणाले.

आठवड्याने निरोप आला. देवीची हरकत नाही, मात्र तिचं नाव नीट लिहा.

काका धुतलेलं धोतर नेसून ठाण्याला आले, तपासून घेतलं, धडधाकट निघाले. डॉक्टरांनी विचारलं, कधी बेशुद्ध पडलात का? काका म्हणाले, "होरीवर बेसुद परून कसा चालंल?" आणि मग जाता जाता त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. आम्ही विचारली नव्हती, आम्हाला सुचलीच नव्हती. त्यांच्याकडे फिट येणाऱ्याला कोणी होडीवर घेत नाही. कितीही जवळचा असो. भर पाण्यात त्याला फिट आली तर तो जातो आणि त्याला धरणाराही जातो. हवालदार भरती होण्याआधी पाच-सहा वर्षं काकांच्याच होडीवर होते, रात्री जाळं लावायला पाण्यात उतरायचे. फौजेतून परत आल्यापासून काकांनी त्यांना एकदाही होडीवर घेतलं नव्हतं.

"मना त्याला बुडवाचा हाय काय?" काका म्हणाले. एवढं बोलून ते बाहेर जाऊन उभे राहिले. पुतण्याला होडीवर न घेण्याचं दुःख त्यांना होतं, ते त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

सुभेदारांनी स्वतः ते अपील लिहिलं. भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी धडधाकट म्हणून घेतला, हा त्यांचा नेहमीचा मुद्दा. त्याच्यामागे डोक्याला लागलेला मार. मग काकांचं प्रतिज्ञापत्र, होडीबद्दल आणि देवीबद्दलही. "सदर काका वर्षातून एकदा, ग्रामदेवतेच्या उत्सवात, ढोल वाजल्यावर घुमतात व ढोल थांबल्यावर थांबतात," हे वाक्य इंग्रजीत करताना आम्ही दोघं सबंध दुपार बसलो होतो. देवीचं नाव मी तीनदा तपासलं.

अपील गेलं. हवालदारांच्या मुलीला मुलगा झाला. बाळंतपणाला ती माहेरी होती, पुढेही येऊन-जाऊन असायची. मावशी बाजारात मला सांगायच्या, "पोऱ्या शिंकला तरी ह्याचा जीव जातो. सगला दीस पालन्यापाशी बसून ऱ्हातो. बाय, ह्यो काय बघतो तिकरं?"

काय बघत होते ते मला कळत होतं.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका सकाळी हवालदार खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. टाचा जुळवून म्हणाले, "सर, अपील मागं घ्याचा हाय."

सुभेदारांनी चष्मा काढला.

"पोऱ्याला ताप आयला. तापात त्याचा आंग हालला. हात-पाय ताठ झाले, डोले वर गेले. मी बघितला." त्यांचा आवाज सरळ होता, रिपोर्ट दिल्यासारखा. "बोर्ड बरोबर होता. साहेब लोक डॉक्टर होते, त्यांना म्हाईत होता. मी खोट्यावर सही केली. आता सरकारला खोटा नाय सांगायचा."

"डॉक्टर काय म्हणाला?" मी विचारलं.

"बोलला, तापाचा हाय. लहान पोरांना होतो. मोठा झाला की जातो." ते थांबले. "आमचा मन राखायला बोलला."

सुभेदार ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. "उद्या या," एवढंच म्हणाले. मला इतका राग आला होता की कोणावर काढू ते समजेना. त्या पत्रावर आला होता. दोन ओळी लिहून कोणीतरी मोकळा झाला होता आणि हा माणूस आपल्या नातवाच्या पाळण्यापाशी पहारा देत बसला होता.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. ती भात वाढता वाढता म्हणाली, "त्यात काय? तुला पण झालं होतं."

"मला?"

"दोन वर्षांची होतीस. ताप डोक्यात गेला आणि अशी ताठ झालीस की तुझे बाबा अनवाणी धावले डॉक्टरकडे. परत एकदा झालं, चौथ्या वर्षी. मग कधीच नाही."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"विचारलंस कधी? सगळ्या जगाच्या चौकश्या करतेस, घरात कधी काही विचारलं आहेस?"

दुसऱ्या दिवशी हवालदार येण्याची वाट न बघता मी सकाळीच कोळीवाड्यात गेले. ते ओट्यावर बसले होते. नातू आत झोपला होता, ताप उतरला होता. मी आईने सांगितलेलं सांगितलं, एकदाचं नाही, दोनदाचं.

ते माझ्याकडे बघत राहिले. इतके दिवस मीच त्यांच्याकडे असं बघत आले होते. आता ते मला डोक्यापासून पायापर्यंत निरखत होते.

"तुमाला? असाच? डोले वर?"

"असेच."

"मंग परत?"

"परत काही नाही. तिसाव्या वर्षी तुमच्यासमोर उभी आहे, टाइप करते, सुभेदारांशी भांडते."

"घरात कुनाला?"

"कोणाला नाही. आमच्याकडे तर देवी पण येत नाही."

आतून मावशी म्हणाल्या, "मी कालपासून काय सांगतंय? पन माजा कोन आयकतो!"

हवालदार हसले नाहीत. आत डोकावून त्यांनी झोपलेल्या नातवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अपील. पन मॅडम, आता सरकार काय बोलंल ते मी मानीन. रगतातला नाय बोलला, तर नाय. हाय बोलला, तर हाय. मंग मना कोनी समजवाचा नाय."

मी मान हलवली. आता त्या अपिलावर पेन्शनपेक्षा फार मोठं काही टांगलं गेलं होतं, आणि ते वाचणाऱ्या दिल्लीतल्या माणसांना ह्याची गंधवार्ताही नव्हती. नकार आला असता तर हा माणूस नातवाला कधी खाडीत पोहायला सोडता ना, सायकलवर बसवता ना. मुलगा धडधाकट वाढला असता आणि आजोबांनी त्याला आयुष्यभर आजारी धरलं असतं.

त्यानंतर मी रोज टपालाची वाट बघायला लागले. सुभेदारही बघत होते, पण ते कबूल करत नसत. पोस्टमन आला की उगीच पेन शोधायचे.

निकाल आला तेव्हा नातू तीन वर्षांचा झाला होता. हवालदार त्याला घेऊनच आले. पाकीट त्यांच्याच पत्त्यावर आलं होतं, पण फोडलं नव्हतं, तसंच सुभेदारांच्या हातात दिलं. हवालदारांना हिंदी वाचता येई, इंग्रजी नाही. नातू माझ्या टाइपरायटरच्या बटणांवर बोटं मारत होता आणि त्याला कोणी अडवत नव्हतं.

सुभेदारांनी वाचलं, मग कागद माझ्याकडे सरकवला. एकच पान होतं. अपील मंजूर. आजार फौजेतल्या नोकरीमुळे झाल्याचं मान्य. देवीबद्दल, काकांबद्दल, होडीबद्दल एक शब्दही नव्हता. मी मराठीत सांगितलं, सावकाश, दोनदा.

हवालदार टाचा जुळवून ऐकत होते. मी वाचून संपवलं तरी तसेच उभे राहिले, पुढे काहीतरी असेल म्हणून.

"आनि पोऱ्या?" ते म्हणाले. "पोऱ्याचा काय लिवला हाय?"

त्या कागदात नातवाबद्दल काय असणार? तो जन्मायच्या आधी अपील केलेलं. मी सुभेदारांकडे पाहिलं. हा माणूस अर्जातला एक स्वल्पविराम चुकला तर सगळं पान परत टाइप करायला लावत असे.

मी पानाच्या तळाशी गेले. तिथे ह्या निकालाच्या प्रती कोणकोणत्या कार्यालयांना पाठवल्या, ते लिहिलं होतं. त्या ओळीवर मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे काय, इथे आहे. मुलगा ठीक आहे."

हवालदारांनी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांना वरिष्ठाकडून ऐकायचं होतं.

सुभेदारांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला, मी दाखवलेली ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"हां," ते म्हणाले. "लिहिलंय."